सात वीसचा मेल

वजनकाट्यांच्या त्या कारखान्यात जंक मेलचा सगळ्यांत मोठा वैरी कोण, असं विचारलं असतं तर सगळ्यांनी एकाच खुर्चीकडे बोट दाखवलं असतं. त्या खुर्चीत धाकटी बसायची. कारखाना तीन भावंडांचा. थोरला दादा पाच वर्षांपूर्वी काम सोडून चार तासांवरच्या एका गावी, आपल्या दोन खोल्यांच्या घरात राहायला गेला होता. मधला खाली वर्कशॉप सांभाळायचा. आणि ऑफिस, तपासणीचे दाखले, संगणक हा सगळा वरचा कारभार धाकटीकडे. धाकटी म्हणायचं खरं, पण तिची पन्नाशी उलटली होती. घरात एकदा धाकटं ठरलं की केस पिकले तरी माणूस धाकटंच राहतं.

तिचं हे वैर उगाच नव्हतं. दोन वर्षांपूर्वी मधल्याने एक मेल उघडला होता. 'तुमचं पार्सल अडकलं आहे, चोवीस तासांच्या आत खाली दाबा.' मधल्याने कसलंच पार्सल मागवलेलं नव्हतं; पण अडकलंय म्हटल्यावर त्याचा जीव अडकला आणि त्याने दाबलं. पुढचे चार दिवस ऑफिसातले सगळे संगणक मख्खासारखे बसून होते. खाली वजनं तपासून, पुसून तयार, आणि वर दाखला निघत नाही म्हणून गिऱ्हाईक जिन्यात ताटकळतंय, असा सगळा खेळखंडोबा. धाकटीने ते चार दिवस हाताने दाखले लिहिले. तेव्हापासून ताकही फुंकून प्यायची तिला सवय लागली.

मग दर सोमवारी सकाळी तिचा तास सुरू झाला. दहा मिनिटंच, पण सक्तीचा. "नाव वाचू नका, पत्ता वाचा," ती सांगायची. "नाव काय, कोणीही कुणाचंही लावतो. घाई करतो तो चोर समजा. खऱ्या माणसाला उद्यापर्यंत दम निघतो. सोबत जोडलेलं काही उघडायचं असेल तर आधी पाठवणाऱ्याला फोन करा. आणि जंकला उत्तर देऊ नका. 'मला पाठवू नका' असंसुद्धा लिहू नका. दार वाजवणाऱ्याला आतून 'घरात कोणी नाही' म्हणून ओरडून सांगता का तुम्ही?" लोक हसायचे, पण लक्षात ठेवायचे. तिला शिकवता येत होतं, यात वाद नाही.

पुढे संगणकवाल्याने चाळणी बसवून दिली. मेल आत येण्याआधीच चाळून, नको ते बाजूला काढणारी. "ही शिकत जाते," तो म्हणाला. "तुम्ही एखाद्याला जंक ठरवलंत की ती त्याला विसरत नाही. आणि मॅडम, तुमची खुर्ची मुख्य. तुम्ही ज्याला जंक म्हणाल तो सगळ्या ऑफिसला जंक. महिनाभर जंकच्या पेटीत पडून राहील, मग आपोआप पुसला जाईल." धाकटीला हे ऐकून बरं वाटलं. इतकं की संध्याकाळपर्यंत तिने ते चौघांना सांगितलं. म्हणजे तिला माहीत नव्हतं असं म्हणायला कुठेच जागा नाही, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं.

आता दादा. चाळीस वर्षं वजनं ओतायच्या आणि ठोकायच्या शेडमध्ये उभं राहून दादाचा डावा कान पार गेला होता आणि उजवा नावापुरता उरला होता. समोर बसून, त्याच्या उजव्या बाजूने बोललं तर ऐकू यायचं. फोन मात्र कामाचा नव्हता; तो चार वेळा हॅलो म्हणायचा आणि पाचव्या वेळी आपलं बोलणं बोलून ठेवून द्यायचा. मोबाइलवरची अक्षरं त्याला मुंग्यांची रांग वाटायची. राहिला मेल. कारखान्याचा पत्ता त्याच्याकडे अजून होता, आणि त्या पत्त्यावरून रोज सकाळी सात वीसला, एका बोटाने टिपून, तो सगळ्यांना मेल धाडायचा.

पण त्यात असायचं काय? फुलांची चित्रं. सुविचार. म्हातारा कोळी आणि श्रीमंत पाहुणा यांची गोष्ट, जी सगळ्यांनी सात वेळा वाचली होती. लसूण खाल्ल्याने काय होतं, डाव्या कुशीवर झोपल्याने काय होतं. कोणीतरी कोणाला, त्याने आणखी चाळीस जणांना आणि त्यातल्या एकाने दादाला पाठवलेलं. वर ते चाळीस पत्ते तसेच. "दादाचा मेल म्हणजे भिंतीवरचं घड्याळ," मधला म्हणायचा. "वाजलं एवढं कळतं. किती वाजले ते कोण मोजतंय?" न उघडता पुसायची सगळ्यांची सवय पडून गेली होती, आणि त्यात कोणाला काही वाईट केल्यासारखं वाटतही नव्हतं.

ती सकाळ पाच महिन्यांपूर्वीची. परवान्याच्या तपासणीची तारीख त्या दिवशी कळायची होती. तारीख चुकली तर काट्यांवर शिक्का मारायचा हक्कच जाणार, म्हणून धाकटी साडेदहापर्यंत पन्नास वेळा मेल उघडून बघत होती. आणि नेमकं त्या दिवशी दादाचे अकरा मेल. त्याच्याकडचं इंटरनेट दोन दिवस बंद होतं, ते सकाळी सुरू झालं, आणि साठलेलं सगळं त्याने एकदम सोडलं. सगळ्यांत वरचा मेल तिने उघडला. बदकाच्या पिल्लांची रांग, आणि खाली 'कोमट पाण्याचे एकवीस फायदे'. तिने तिसऱ्या फायद्यापर्यंत वाचलं आणि तिचं डोकं फिरलं. अकराच्या अकरा मेल तिने निवडले. बोट पुसायच्या बटणाकडे गेलं, तिथे जरा थांबलं आणि शेजारच्या बटणावर घसरलं. जंक.

घसरलं हा शब्द तिचा. नंतर पुष्कळ दिवस ती स्वतःशी असंच म्हणत राहिली. खरं म्हणजे घसरलं नव्हतं. तपासणी होऊ दे, मग काढते त्याला बाहेर, असा विचार तिने पुरा केला होता. सगळ्यांच्याच डोक्याची कटकट जाईल, हाही केला होता. मग तारखेचा मेल आला, धावपळ सुरू झाली, तपासणी उत्तम पार पडली, आणि दादा जंकच्या पेटीत राहिला तो राहिलाच.

पाच महिन्यांत कोणी विचारलं नाही. अगदी खरं सांगायचं तर एकदा तिच्या मनात आलं, दादाचं हल्ली काही येत नाही. आणि लगेच दुसरा विचार आला की बरंच झालं, कंटाळला असेल. आपण काय केलं होतं ते तिला तेव्हा आठवलंसुद्धा नाही. मधल्याला वाटत होतं दादा रुसलाय. वर्कशॉपमधले जुने पितळी तराजू काढून इलेक्ट्रॉनिक काटे आणले तेव्हाही तो असाच दोन महिने गप्प होता. वर्षातून दोनदा दोघं त्याच्याकडे जायचे, तीही खेप या वर्षी तपासणीत हुकली. पुढच्या महिन्यात जाऊ, असं दोघं एकमेकांना दर महिन्याला म्हणत होते.

संगणकवाला वर्षाच्या कामासाठी आला तेव्हा ते बाहेर पडलं. धाकटीच्या खुर्चीत बसून तो चाळणीचा हिशेब बघत होता, आणि एकदम हसला.

"मॅडम, एवढा चिकट जंकवाला मी आजवर पाहिला नाही. रोज सकाळी सात वीस. रविवारीसुद्धा सुट्टी नाही. तुम्ही अडवलाय, तरी बिचारा रोज येतोय."

"कोण आहे?" धाकटीने चहाचा कप ठेवत विचारलं.

"तेच तर. पत्ता तुमच्याच कारखान्याचा दाखवतोय. असे असतात हे लोक. आत शिरायला घरातल्याच माणसाचं नाव घेतात." तो मागे वळला. "कायमचा उडवू का?"

"नको," धाकटी म्हणाली. "उठा तुम्ही. जरा खाली चहा घेऊन या."

पेटीत तीस मेल होते. त्याआधीचे चार महिने पुसले गेले होते. तिने पहिला उघडला. सूर्यफुलं. सुविचार. हे पाठवणाऱ्यांची लांबलचक यादी. ती खाली खाली सरकत गेली. आपण काय शोधतोय हे तिलाही ठाऊक नव्हतं. बहुधा शिक्षा म्हणूनच ती सगळं वाचत होती. आणि अगदी तळाशी, जिथे पान संपलं असं वाटून कोणीही हात काढून घेईल तिथे, दादाच्या स्वतःच्या दोन ओळी होत्या. 'आज कानाला नवं मशीन लावून पाहिलं. भांडी ऐकू येतात, माणसं नाही.'

तिने दुसरा उघडला. विनोद, आणि तळाशी, 'शेजारच्यांची नात बोलते ते ओठांवरून समजतं. तिचे पुढचे दात पडलेत, त्यामुळे थोडं अवघड जातं.' पुढच्यात, 'रेडिओ बिघडला म्हणून दुरुस्तीला नेला. त्याने लावला आणि माझा हात धरून डब्यावर ठेवला. डबा थरथरत होता. रेडिओ चांगला आहे.' त्यापुढच्या दोनतीन दिवसांत फक्त, 'बरा आहे.' आणि शेवटचा, त्याच सकाळी आलेला. वर समुद्रकिनारा. तळाशी, 'आता घाई नाही. सवडीने या.'

दादा कधी कोणाकडे रिकाम्या हाताने गेला नव्हता. सख्ख्या बहिणीकडे यायचं तरी खिशातून काहीतरी निघायचं. चार लिंबं, पेन्सिल, काही नाही तर वर्तमानपत्रातलं कात्रण. ते आधी समोरच्याच्या हातात ठेवायचं, इकडचं तिकडचं बोलायचं, आणि मग उठता उठता, चपला घालताना, आपलं काय ते सांगायचं. हे तिला लहानपणापासून माहीत होतं. नुसतं स्वतःचं गाऱ्हाणं घेऊन मेलमध्येही शिरायचं त्याला जमलं नसणार. म्हणून आधी फुलं. म्हणून आधी कोळी. 

आणि 'आता घाई नाही' म्हणजे काय? मग आधी होती का? कशाची? ते पुसल्या गेलेल्या चार महिन्यांत कुठेतरी असणार, आणि ते तिला आता इथे बसून कधीच कळणार नव्हतं.

मधला वर आला, त्याने उभ्या उभ्या सगळं वाचलं. हातातला पाना तो फडक्याने पुसत राहिला, तो मुळात स्वच्छ होता.

"मी जाते त्याच्याकडे उद्या," धाकटी म्हणाली.

"जा. आणि मशीनने केलं म्हणून सांग."

"मी केलं, भाऊ."

"अगं, दाबलं तू, पण अडवलं मशीननेच ना? खोटं कुठे आहे त्यात? सुक्याबरोबर ओलं जळलं म्हणावं. त्याला उगाच कशाला दुखवायचं?"

हे त्याने दादासाठी सांगितलं की स्वतःसाठी, हे त्यालाही सांगता आलं नसतं. धाकटी मात्र बसमध्ये चार तास ते वाक्य घोळवत बसली. मशीनमध्ये बिघाड झाला होता. सोपं वाक्य होतं. कोणीही विश्वास ठेवला असता.

दार नुसतं लोटलेलं होतं. घंटा ऐकू येत नाही तर कडी लावून काय करायचं, असा दादाचा हिशेब असणार. तो खिडकीपाशी बसून पितळेची छोटी वजनं मऊ कापडाने पुसत होता, काम सुटलं तरी हात सुटला नव्हता. सावली पडली तसं त्याने वर पाहिलं आणि त्याचा चेहरा एवढा उजळला की धाकटीला उंबऱ्यातूनच परत फिरावंसं वाटलं.

"तू? एकटीच? मधला बरा आहे ना?" त्याचा आवाज फार मोठा झाला होता. आपण किती मोठ्याने बोलतोय हे त्याला कळत नव्हतं.

तिने मान हलवली, काहीतरी बोलली. त्याने हसून कानाकडे बोट दाखवलं आणि हात आडवा हलवला. "उजवाही गेला. महिना झाला. आता लिहायचं." टेबलावर वही होती, दोऱ्याने बांधलेली पेन्सिल होती. त्याने चहा ठेवला, दोन कप पुसले, पाणी उकळतंय की नाही हे वाकून डोळ्यांनी पाहिलं. मग समोर येऊन बसला आणि म्हणाला, "माझे मेल मिळतात ना गं?"

धाकटीने वही ओढली. तिने लिहिलं, 'मशीनमध्ये बिघाड झाला होता. पाच महिने तुझे मेल'. इथे पेन्सिल थांबली. दादा उलट्या बाजूने वाचायचा प्रयत्न करत मान तिरकी करून बसला होता, लहान मुलासारखा. तिने ती ओळ खोडली. खाली लिहिलं, 'मी तुझे मेल जंकमध्ये टाकले. मुद्दाम. सगळ्या ऑफिससाठी. नंतर काढायचं विसरले.' आणि वही त्याच्याकडे वळवली.

त्याने दोनदा वाचलं. "जंक म्हणजे ते लॉटरी लागली म्हणणारे जातात, तिथे?"

तिने मान हलवली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसत नव्हती. दादा रागावेल, बोलेल, निदान गप्प तरी बसेल, असं तिला वाटलं होतं. पण त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी सैल पडत गेलं. तो चक्क पुढे सरकला.

"म्हणजे तुम्हाला मिळालंच नाही," तो म्हणाला. "असं झालं होय. मी काय काय समजत बसलो. एक विचारलं होतं तुम्हाला मी. उत्तर नाही आलं, म्हटलं कामात असतील. मग परत नाही विचारलं. तीच गोष्ट दोनदा कशी मागायची?" तो उठला, संगणकावरचं कापडी झाकण काढलं. "कधी टाकलंस? तारीख सांग."

तिने तारीख लिहिली. ती तिला आता कधी विसरता येणार नव्हती. दादा पाठवलेल्या मेलच्या यादीत मागे मागे जात राहिला. बोट माउसच्या चाकावर, ओठ हलताहेत, आणि त्या तारखेच्या नंतर आपला मेल निघावा म्हणून त्याची चाललेली धडपड तिला पाठीमागून दिसत होती. तिलाही तेच हवं होतं. नंतरचा निघाला असता तर सगळा दोष तिच्या एकटीच्या बोटाचा होता, आणि तो घ्यायला ती आली होती.

"हा बघ," दादा म्हणाला.

तीच तारीख. सकाळी सात वीस. बदकाच्या पिल्लांची रांग.

तो खाली सरकत गेला. एकवीस फायदे. चाळीस पत्ते. कोणाचीतरी सही, कोणाचातरी नमस्कार. मग रिकामी जागा, आणि तळाशी, 'डॉक्टर म्हणतात उजवा कान दोन-तीन महिने चालेल, पुढे नाही. ऑपरेशनचा उपयोग नाही. तोवर जमलं तर एकेकाने येऊन एक दिवस राहून जा. काम काही नाही. नुसतं बोलत बसायचं. तुमचे आवाज ऐकून ठेवतो.'

"हा मिळाला होता का?" त्याने विचारलं. तो तिच्या चेहऱ्याकडे बघत होता. महिनाभर त्याचं सगळं ऐकणं चेहऱ्यांवरूनच चाललं होतं.

नाही म्हणणं अगदी सोपं होतं, नुसती मान आडवी हलवायची. बटण तिने साडेदहाला दाबलं होतं. तोवर तीन तास हा मेल प्रत्येकाच्या टेबलावर होता. तिच्या, मधल्याच्या, सगळ्यांच्या. तिने तर तो उघडलाही होता. तिसऱ्या फायद्यापर्यंत.

तिने पेन्सिल उचलली आणि लिहिलं, 'हो. सगळ्यांना.'

दादाने ते वाचलं. मग तो संगणकाकडे वळला आणि चाक फिरवत मेल अगदी वर नेला, पिल्लांपर्यंत. तिथून तो पुन्हा खाली येऊ लागला, सावकाश, एकेक फायदा, एकेक पत्ता, जणू हे सगळं दुसऱ्या कोणाच्या टेबलावर बसून बघत असावा. आपल्या ओळींपर्यंत पोचायला त्याला बराच वेळ लागला.

"इतकं खाली कोण येतं," तो म्हणाला.

ते त्याने स्वतःशीच म्हटलं होतं. पण आवाजाचा अंदाज राहिला नव्हता, त्यामुळे खिडकीबाहेरून जाणारा एक माणूस थांबला आणि आपल्यालाच कोणी काही विचारलं का, म्हणून आत बघू लागला.